मेलेल्या सेलला झटका देऊ नका: १८६५० वापरताना या चुका टाळा

टॉर्च, स्पीकर, पॉवर बँक, हातातला पंखा. आतला लिथियम सेल बहुतेक वेळा १८६५०च असतो, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब गोल सेल. आणि तो खराब होण्याची कारणंही ठरलेलीच.

पहिलं कारण खरेदीतलं. वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेला सेल शंभर रुपयांत मिळाला म्हणून खूश होणारे कमी नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० सेल साधारण २००० ते ३५०० एमएएच क्षमतेचे असतात. ९९०० त्या डबीत मावतच नाहीत. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. काट्यावर तीस-पस्तीस ग्रॅम दिसले तर तिथेच परत करा. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टन चढवलेला सेल मात्र वजनात पकडता येत नाही. तो ४.२० व्होल्टपर्यंत चार्ज करून आठवडाभर नुसता ठेवा. चांगला सेल जेमतेम काही शतांश व्होल्ट उतरतो; ४.१०च्या खाली गेला तर आत गळती आहे. हा आठवडा थांबायचा धीर नसेल तर किमान सुटे सेल घेऊ नका, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, असलेली तयार वस्तू घ्या.

आता झटक्याकडे येतो, कारण डोक्यात जाणारा प्रकार हाच.

रब्बीत रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला वापरलेली टॉर्च उन्हाळ्यात कपाटात जाते, तीही संपत आलेल्या अवस्थेत. बटणामागचं सर्किट बंद असतानाही कणभर करंट खात राहतं. दिवाळीनंतर टॉर्च बाहेर निघते तेव्हा सेलवर १.२ व्होल्ट असतात आणि चार्जर त्याला ओळखतही नाही. मग दुरुस्तीवाला भरलेल्या सेलच्या दोन वायरी त्याला काही सेकंद लावतो. हाच तो झटका. व्होल्टेज उसळतं, चार्जरचा लाल दिवा लागतो, तासाभरात हिरवाही होतो. पंचवीस-तीस रुपयांत काम झालं म्हणून गिऱ्हाईक घरी.

आत काय झालेलं असतं ते बघा. सेल साधारण २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की ऋण बाजूची तांब्याची पट्टी इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागते. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचतं आणि दोन पट्ट्यांमधल्या पातळ पडद्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तो शॉर्ट त्याच दिवशी दिसत नाही. सेल आधी रात्रीतून उतरतो, मग चार्जिंगच्या शेवटी गरम होऊ लागतो. शेवटी करंट घटत जातो, तेव्हा निरोगी सेल गार पडायला हवा. हा उलट तापतो, आणि नेमका तेव्हा तो उशाशी चार्जिंगला लावलेला असतो.

माझा नियम ठरलेला आहे. २.५ व्होल्टच्या वर असेल तर सावकाश चार्ज करायचा. २.० ते २.५ असेल आणि कालच चालू राहून उतरल्याची खात्री असेल, तरच १०० मिलीअँपिअरवर, समोर बसून, ३ व्होल्टपर्यंत आणायचा; तापला की बाद. २च्या खाली असेल तर थेट बाद. ‘पण चालतोय की’ हे उत्तर नव्हे.

संरक्षक सर्किट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्वस्त मॉड्यूलवरची डीडब्ल्यू०१ ही संरक्षक चिप सेल साधारण २.४ व्होल्टला उतरला की करंट तोडते. ती शेवटची भिंत आहे, रोज धडकायची जागा नव्हे. प्रकाश मंद झाला की चार्जिंगला लावा.

नवशिक्यांची लाडकी चूक टीपी४०५६ या छोट्या चार्जिंग मॉड्यूलची. ते १ अँपिअर देतं, कारण त्यावर १.२ किलोओमचा, ‘१२२’ लिहिलेला रेझिस्टर असतो. १८६५०ला ते ठीक. तेच २०० एमएएचच्या इअरफोन सेलला लावलं तर क्षमतेच्या पाचपट करंट जातो, आणि चपटा सेल फुगतो. त्या रेझिस्टरच्या जागी १० किलोओमचा लावा, सुमारे १३० मिलीअँपिअर मिळतील. एवढा बारीक रेझिस्टर बदलायला सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. नसेल तर छोट्या सेलला हे मॉड्यूल लावूच नका.

बाकीच्या थोडक्यात. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना, एक नवा घालायचा नाही. कमजोर सेल आधी रिकामा होऊन उलटा चार्ज होतो. धन टोकाजवळचं वेष्टन फाटलं असेल तर सेल वापरू नका, कारण टोपीच्या कडेचा सगळा डबा ऋण असतो. ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ४.२च्या चार्जरला लावायचा नाही, त्याची मर्यादा ३.६५ आहे. खिशात किल्ल्यांसोबत सुटा सेल तर नकोच.

महिनोन्महिने ठेवायचा असेल तर ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवा, टॉर्चमधून काढून, प्लास्टिकच्या डबीत. पूर्ण भरून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला सेल मे महिन्यातच म्हातारा होतो. दर तीन महिन्यांनी मीटर लावा.

बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा केंद्रात द्या. घंटागाडीत टाकला तर पुढे कॉम्पॅक्टरमध्ये चिरडून पेट घेऊ शकतो. फुगलेल्या चपट्या सेलला टाचणीने ‘हवा काढणाऱ्यांनी’ निदान ते घरात करू नये.