पावसात मऊ न पडणारा ट्रेकचा खाऊ, तूप-दूध-मध काही न घालता

आपल्याकडं ट्रेकला जायचं म्हटलं की पिशवीत काय पडतं, खारी, टोस्ट, बिस्किटाचे पुडे आणि एखाद्याकडं गोकाकचं करदंट. करदंट हा तसा ट्रेकसाठीच जन्माला आलेला पदार्थ, गूळ, डिंक, खोबरं, सुकामेवा, सगळं आहे त्यात, पण डिंक तुपात तळतात, म्हणजे वीगन माणसाला, जो दूध-तूप-मध असं प्राण्यांकडून येणारं काहीच खात नाही त्याला, बाद. बाजारातले ग्रॅनोला बार घ्यावेत तर कुठं मध असतो, कुठं दूध पावडर. मग घरीच भाजायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला लागणारं सगळं सामान, नाचणी, जोंधळे, शेंगदाणे, कारळे, जवस, आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत मिळतंय की.

फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा. आपला ट्रेकचा सीझन म्हणजे पाऊस. जांबोटी, चोर्ला, तिलारी, पारगड, कुठंही जा, हवेतच पाणी असतंय, आणि गूळ ते पाणी ओढून घेतो. त्यामुळं नेटवरच्या रेसिपीतले मऊ मऊ बार इथं दुपारपर्यंत चिकट गोळा होतात. उपाय दोनच, गूळ बेताचा घालायचा आणि टोस्टसारखं दोनदा भाजायचं.

आता नाचणीचे बार. साधारण आठ इंची चौकोनी ट्रेचा हिशोब देतो, सोळा वड्या होतात. दीडशे ग्रॅम नाचणीचं पीठ कोरडंच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, ही पायरी कंटाळा करून सोडू नका, कच्ची नाचणी तोंडात मातीसारखी लागते. दीडशे ग्रॅम शेंगदाणे भाजून सालं काढा, त्यातले अर्धे जाडसर कुटा आणि अर्धे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवा, लोणी-तुपाचं निम्मं काम ही पेस्टच करते. दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते, अंड्याऐवजी बांधून ठेवायला तीच. सव्वाशे ग्रॅम बिनबियांचा खजूर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून निथळून वाटून घ्या, शंभर ग्रॅम गूळ तीन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या (पाक करायचा नाही, नुसता विरघळवायचा, कोल्हापुरी असू दे नाहीतर महालिंगपूरचा, खडे-कचरा निघतोच). हंगामात गुऱ्हाळाची काकवी मिळाली तर मधाच्या जागी ती फर्स्टक्लास, पण मग गूळ तेवढा कमी करा. हे सगळं शंभर ग्रॅम ओट्स, मूठभर तीळ, चार चमचे शेंगदाणा तेल, चमचाभर सुंठ आणि पाऊण चमचा मीठ घालून मळा. खोबरेल तेल घालू नका असं मी म्हणेन, थंडीत ते बरं घट्ट राहतंय पण मार्च-एप्रिलच्या उन्हात राजहंसगड चढताना पिशवीतच वितळतंय.

ट्रेला बटर पेपर लावून मिश्रण वाटीच्या बुडानं चांगलं दाबून बसवा, अर्धा इंच जाडी पुरे, आणि ओव्हनमध्ये एकशेसाठ डिग्रीला पंचवीस मिनिटं. जास्त ताप दिला तर गूळ कडेनं जळून कडू होतो. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटांनी, कोमट असतानाच, सुरीनं वड्या पाडा, गार झाल्यावर कापायला गेलात तर भुगा. मग वड्या सुट्या करून उलट्या मांडा, मधे बोटभर जागा सोडा आणि एकशेतीस-चाळीस डिग्रीला आणखी वीस मिनिटं. ओव्हनमधून काढताना वडी दाबली तर थोडी दबेल, घाबरू नका, गार झाली की कडक होते. एका वडीत एकशेनव्वद-दोनशे कॅलरी बसतात, म्हणजे चढावर दीड-दोन तासांनी एक पुरते, वर पाणी मात्र प्यायचं.

ओव्हन नाही? कुकरात तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड, रिंग आणि शिट्टी काढून टाका, दहा मिनिटं तापवून मग डबा आत ठेवा, मंद गॅसवर चाळीस मिनिटं धरा. दुसरं भाजणं मात्र जाड तव्यावर, झाकण थोडं तिरकं ठेवून, नाहीतर वाफ आतच कोंडते आणि केलेलं सगळं मुसळ केरात. किंवा दिवाळीला नानकटाई जशी बेकरीत नेऊन भाजून आणतो तसं न्या, फक्त त्यांचे ट्रे डालडा-बटरनं माखलेले असतात म्हणून आपला ट्रे आपणच न्यायचा आणि वरून ब्रश मारू नका म्हणून सांगायचं.

दोन तास गोड खाल्ल्यावर तिसऱ्या तासाला कुणाला गोड नको असतंय, घामानं मीठ पण गेलेलं असतं. म्हणून तिखट-खारं काहीतरी पाहिजेच. दोनशे ग्रॅम जोंधळ्याचं पीठ, पन्नास ग्रॅम कणीक, दोन चमचे कारळे, चमचाभर तीळ, ओवा, तीन चमचे तेल, चमचाभर मीठ आणि मिरची पूड, रंगाला ब्याडगी आणि झणझणीत पाहिजे तर संकेश्वरी. भाकरीला घेतो तसं उकळतं पाणी थोडं थोडं घालून मळा, जोंधळ्याला चिकटपणा नसतो म्हणून गार पाण्यानं लाटताना फाटतंय. दोन प्लास्टिकच्या कागदात पातळ लाटा, चौकोन कापा, काट्यानं टोचा (नाही टोचलं तर पुरीसारखे फुगतात) आणि एकशेसत्तरला वीस मिनिटं. कडा तांबूस व्हायला लागल्या की लक्ष ठेवा, पुढची दोन मिनिटं फार लबाड. सोबत कोरडी शेंगदाणा चटणी एका डबीत, मग भाकरीची आठवण येत नाही.

आपल्या पश्चिम भागातली रताळी एवढी स्वस्त मिळतात म्हणून त्याचे पण बार करून बघावेसे वाटतील. करा, उकडून घातलं तर खजूर निम्मा लागतो आणि चव मस्त येते, पण ओलावा राहतो, त्यामुळं त्याच दिवशी संपवायचे, मुक्कामाच्या ट्रेकला नको.

भरताना बार पूर्ण गार पाहिजेत, कोमट भरले की डब्याला आतून घाम. दोन-दोन वड्या बटर पेपरात गुंडाळून स्टीलच्या घट्ट डब्यात, आठ-दहा दिवस आरामात टिकतात, त्यानंतर शेंगदाण्याला खवट वास यायला लागतो. वाटेत माकडं असतील तर डबा हातात धरून चालू नका. आणि नवीन कुणी सोबत असेल तर आधी विचारून घ्या शेंगदाणा चालतो का, काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यासाठी शेंगदाण्याच्या जागी भोपळ्याच्या नाहीतर सूर्यफुलाच्या बिया, तेल पण सूर्यफुलाचंच आणि मिक्सर-ट्रे धुवून वेगळी बॅच.