जाहिरातीतल्या चकचकीत फोटोंतून जुनी गाडी कशी पारखावी

गाडीचा रंग म्हणून आपण जे पाहतो, त्यातलं निम्मं तिच्यात पडलेलं प्रतिबिंब असतं. आभाळ, समोरची भिंत, डोक्यावरची ट्यूब. बॉनेट म्हणजे वाकवलेला आरसाच. विकायच्या गाडीचे फोटो काढणारा माणूस गाडीपेक्षा या आरशात काय पडतंय याचीच जास्त काळजी करतो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी मी काही वर्षं हे काम केलंय, त्यामुळे पुढच्या बहुतेक युक्त्या माझ्याच हातून झालेल्या आहेत.

एक चंदेरी हॅचबॅक होती. मागचा डावा दरवाजा ठोकून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, रंगवलेला. उन्हात त्या दरवाज्यात रस्त्यावरच्या विजेच्या तारा दिसायच्या आणि नेमक्या मधोमध लाटेसारख्या वाकायच्या. मालक म्हणाले, "अहो, ती बाजू जरा भिंतीकडे करून घ्या ना." भिंतीला नुकताच चुना दिलेला. गाडी फिरवली, तारा गेल्या, दरवाज्यात एकसारखा पांढरा उजेड उतरला. पोचा जागच्या जागी होता, त्याची चुगली करणाऱ्या रेघा तेवढ्या गायब झाल्या. फोटोत एक ठिपकाही खोटा नव्हता.

आधी सावली शोधा

फोटो उघडला की गाडीकडे नंतर बघा, आधी तिच्या खालची सावली बघा. कडा ठळक असतील तर फोटो थेट उन्हातला आहे. सावली पसरट, पुसट असेल तर ढगाळ दिवस, शेडमधला उजेड किंवा सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा सगळं आभाळ मिळून एकच मोठा दिवा होतो, उजेड चारी बाजूंनी येतो आणि कापडाने पुसताना पडलेले गोल ओरखडे दिसेनासे होतात. यात लबाडी असतेच असं नाही. मी स्वतःची गाडी विकली तेव्हाही याच वेळेला फोटो काढले. पण अशा फोटोवरून 'नो स्क्रॅच' मान्य करू नका.

प्रतिबिंबातली सरळ रेघ पकडा

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. फोटो मोठा करा आणि दारांवर, फेंडरवर एखादी रेघ शोधा: कंपाउंडची कड, ट्यूबलाइट, क्षितिज. पत्रा गोलाईचा असल्याने रेघ वाकणारच, पण ती एका ओघात वाकली पाहिजे. मध्येच अडखळली, जाड-बारीक झाली किंवा नागमोडी गेली, तर तिथे पोचा आहे किंवा तो भरलेला आहे. रंग न उडवता पोचे काढणारे कारागीरही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोर्ड किंवा दिवा पत्र्यासमोर धरून हेच पाहतात.

पूर्ण गाडीत एकही रेघ सापडत नसेल तर दोन शक्यता. एक म्हणजे मी वापरली तशी चुन्याची भिंत. दुसरी म्हणजे पोलरायझर फिल्टर. हा लेन्सपुढे लावून फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चमक बरीच कापली जाते. रंग गडद आणि भारदस्त दिसतो, प्रतिबिंबं मात्र फिकी पडतात.

गाडी ओली आहे का?

'आत्ताच धुतली' म्हणून ओल्या गाडीचे फोटो टाकतात. बारीक ओरखडा दिसतो, कारण त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो. त्यात पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. ओला खडा चकचकतो आणि वाळला की मळकट दिसतो, त्यातलाच प्रकार. काही पॉलिशही ओरखडे घासून काढण्याऐवजी नुसते भरतात. चार-सहा वेळा गाडी धुतली की ते परत वर येतात.

काय दाखवलेलं नाही ते मोजा

बारा फोटोंपैकी सात पुढच्या उजव्या कोपऱ्यातून असतील तर डावी बाजू मागवा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे घासते ती बहुधा डावी बाजू: बंपरचा पुढचा कोपरा, डावी दारं, चाकाची रिम. आतले फोटो वाइड अँगलने काढतात, म्हणून मागची सीट दिवाणखान्याएवढी भासते. ते सोडून द्या. स्टिअरिंग आणि पेडलच्या रबराचा जवळून फोटो मागा. मीटर वीस हजार किलोमीटर सांगतोय आणि ब्रेकचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

याच वेळी एक व्हिडिओही मागवा: कोरडी गाडी, दुपारचं ऊन, न थांबता एक पूर्ण फेरी. फोटोत एक कोन निवडता येतो. चालत्या कॅमेऱ्यात प्रतिबिंब पत्र्यावरून सरकत जातं आणि वाकडी जागा आपोआप उघडी पडते.

प्रत्यक्ष बघायला जाताना

अकरा-बाराच्या उन्हात जा. 'संध्याकाळी या, निवांत बघू' याला होकार देऊ नका. गाडी एकदा उन्हात आणि एकदा सावलीत बघा. पुन्हा रंगवलेलं दार एका उजेडात शेजारच्या दाराशी जुळतं आणि दुसऱ्यात वेगळं पडतं. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत हे चटकन कळतं. मग मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून मारलेला टॉर्च काही सांगत नाही.

खिशात फ्रिजवरचा एक लोहचुंबक ठेवा आणि रुमालात गुंडाळून फिरवा, म्हणजे तुमच्यामुळे नवा ओरखडा नको. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे धरणारच नाही, उगाच घाबरू नका. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच: कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, दुसरा हात बसला की आकडा २०० पार करतो आणि लांबी असेल तर त्याच्या कितीतरी पट. पण एका आकड्यावर अडू नका, सगळे पॅनल एकमेकांशी ताडून बघा.

त्या चंदेरी हॅचबॅकला गिऱ्हाईक आलं ते असेच भर दुपारी. पांढऱ्या शर्टातले एक काका. टॉर्च नाही, चुंबक नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा रस्त्यावर त्या तारांखाली घेता का?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेन्स पुसायला घेतली. गाडी काकांनीच नेली, पंधरा हजार कमी करून.