पेशीपटलातून ये-जा: या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं.’ संहती (द्रावणातलं प्रमाण) कुणाची? पाण्याची म्हणत असाल तर ठीक, मिठाची म्हणत असाल तर साफ उलटं. परासरणातला (म्हणजे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या ये-जा मधला) निम्मा घोळ या एका न विचारलेल्या प्रश्नात आहे. मी तर सांगतो, नजर विरघळलेल्या पदार्थावर ठेवा. पटल ओलांडू न शकणारा पदार्थ जिकडे जास्त, तिकडे पाण्याचा ओढा.

‘अतिपरासारी’ (पेशीच्या आतल्यापेक्षा तीव्र), ‘अवपरासारी’ (आतल्यापेक्षा सौम्य) या शब्दांचंही तेच. हा द्रावणाचा स्वभाव नव्हे, पेशीच्या आतल्या द्रावणाशी केलेली तुलना आहे. तांबड्या रक्तपेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात जशाच्या तशा राहतात आणि शुद्ध पाण्यात फुगून फुटतात. वनस्पतीपेशी फुटत नाही, म्हणून ‘तिच्यात पाणी शिरतच नाही’ असं काही जण ठोकून देतात. पाणी शिरतं, पेशी ताठ होते. फुटू देत नाही ती पेशीभित्तिका.

दुसरी जुनी खोड म्हणजे प्रथिन दिसलं की ‘ऊर्जा लागते’ असं लिहायचं. ग्लुकोज तांबड्या पेशीत वाहक प्रथिनामार्फतच जातं, पण एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च होत नाही. पाण्यासाठीही ॲक्वापोरिन नावाची प्रथिनांची वाट असते. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथेही एटीपीचा खर्च नाही. विचारायचं ते हे, की पदार्थ उताराने (त्याच्या जास्त संहतीकडून कमीकडे) चाललाय की चढाने (उलट)? सोडियम-पोटॅशियम पंप दोन्ही आयनांना चढावर ढकलतो: ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, आणि दर फेरीला एक एटीपी खर्ची.

समतोल साधला की रेणू थांबतात, हेही चूक. ये-जा चालूच असते, फक्त दोन्ही बाजूंनी सारखी.

आता प्रयोगाकडे. बटाट्याचे तुकडे मीठपाण्यात ठेवले आणि वजन घटायच्या ऐवजी वाढलं? बहुतेक वेळा तुकडे न टिपताच काट्यावर चढवलेले असतात. तुकडे लहानमोठे असतील तर ग्रॅममधला फरक निरुपयोगी, टक्केवारी काढा. उकडलेला बटाटा तर घेऊच नका. त्यातली पटलं आधीच मोडलेली असतात.

कांद्याच्या पापुद्र्यात रससंकोच (पाणी गेल्याने पटल भित्तिकेपासून सुटून आक्रसणं) झकास दिसला, पण साध्या पाण्यात घातल्यावर पेशी पूर्ववत होईनात, तर द्रावण फार तीव्र होतं किंवा पापुद्रा त्यात फार वेळ राहिला. पेशी मेल्या. नवा पापुद्रा घ्या, मीठ कमी करा. आणि तोंडी परीक्षेत हमखास अडवणारा प्रश्न: आक्रसलेलं पटल आणि भित्तिका यांच्या मधल्या फटीत काय असतं? मुलं ‘हवा’ म्हणतात. तिथे असतं बाहेरचंच मीठपाणी, कारण भित्तिका मिठाला अडवत नाही.