आधी चित्रं चाळा, मग गोष्ट वाचा

सांगलीत माझी बालवाडी आहे. पुस्तकांसाठी बाजूला पडणारे पैसे एवढेसे, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायची सवय लागली आहे. ज्यात अपंग मूल आहे असं चित्रपुस्तक हातात आलं की गोष्ट नंतर, आधी नुसती चित्रं चाळा. ते मूल करतंय काय? खोड्या काढतंय, भांडतंय, कैऱ्या पाडतंय? की कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचा खेळ बघतंय, आणि शेवटी कुणीतरी मोठ्या मनाने त्याला खेळायला घेतंय? तसं असेल तर ती गोष्ट त्या मुलाची नाहीच, त्या दयाळू मित्राची आहे. ठेवून द्या. शेवटच्या पानावर पाय बरे होत असतील तर तेही ठेवून द्या.

तूलिका प्रकाशनाच्या ‘कॅच दॅट कॅट!’मधली डिप डिप व्हीलचेअर वापरते, आणि मैत्रिणीचं हरवलेलं मांजर शोधत झाडावर चढते. आमच्या पोरांना सगळी काळजी मांजराची!

मग बारकावे बघा. व्हीलचेअरच्या मोठ्या चाकांना बाहेरून एक कडं असतं; ते हाताने फिरवत मूल स्वतःचं स्वतः जातं. कडं गायब आणि प्रत्येक पानावर मागे ढकलणारी आई, म्हणजे चित्रकाराने खुर्ची फक्त दवाखान्यात पाहिलेली असावी. पांढऱ्या काठीवर अंध माणूस भार टाकत नाही, पुढची वाट तिने चाचपत जातो. लहान मुलांचं श्रवणयंत्र बहुधा कानामागे बसतं, तिथून बारीक नळी कानातल्या साच्यात जाते. गाणी ऐकायच्या हेडफोनसारखं काढलेलं असेल तर समजून जा.

वाचताना कुणीतरी विचारणारच, “बाई, तिचे पाय मोडलेत का?” गप्प बसवू नका. “नाही, तिला चालता येत नाही म्हणून खुर्ची,” एवढंच सांगा आणि पान उलटा. ‘बिच्चारी’ आपल्याच तोंडून निसटतं, ते आवरा. वर्गात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) घालणारं मूल असेल तर त्या पानावर त्याच्याकडे मान वळवायची नाही. (पालक भेटीच्या दिवशी मुद्दाम हेच पुस्तक काढणाऱ्या बाई मी पाहिल्यात.)

आंधळा आणि लंगडा यांची जुनी गोष्ट टाकून द्यायची गरज नाही. सांगताना मी त्यांना नावं देते, सदा आणि भिका. सदा आंब्यांचा हावरट, भिका सतत कुरकुरणारा. कोण कुणाच्या खांद्यावर बसला हे मुलं विसरतात, “सदाला आंबा मिळाला का?” हे मात्र हटकून विचारतात.

पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. फक्त फोनवर दाखवू नका, मागच्या रांगेला काही दिसत नाही. रंगीत प्रिंट काढा.