व्हिज्युअल अ‍ॅनालिसिस लिहायचंय? आधी रामटेकला जा

व्हिज्युअल अ‍ॅनालिसिस म्हणजे मूर्ती किंवा चित्र नीट बघून, जे दिसतं त्यावरून त्याचा अर्थ मांडायचा. सबमिशन जवळ आलं की पोरं नेटवरचा फोटो उघडून लिहायला बसतात, तसं नका करू. नागपूरहून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास, सकाळची एसटी पकडा अन् गडावरच्या केवल नरसिंहाच्या देवळात जा, ५ व्या शतकातलं आहे, वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याच्या काळचं. मूर्तीसमोर निदान अर्धा तास बसा. मोबाईल खिशात, हातात वही पेन्सिल, अन् वेडंवाकडं का होईना स्केच काढाच, नुसतं बघून जे सुटतं ते हात फिरला की सापडतं.

मग दिसतंय तेवढंच लिहा. सगळा घोळ इथेच होतो. नरसिंह म्हटला की खांब, प्रल्हाद, मांडीवरचा हिरण्यकशिपू, अर्धं पान तिथेच भरून जातं. पण या मूर्तीत हिरण्यकशिपू आहे कुठे? नरसिंह एकटाच बसलाय, म्हणून तर केवल. दोनच हात, एकात चक्र, दुसरा गुडघ्यावर सैल टाकलेला, एक गुडघा वर. या बैठकीला महाराजलीलासन म्हणतात. मूर्तीची उंची आपल्या उंचीशी ताडून बघा, उजेड कुठून येतो ते बघा, फोटोत हे कळतच नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे "मग काय?" असं विचारा. हात सैल आहे, मग काय? तोंड सिंहाचं पण अंगात झडप नाही, बैठक निवांत राजाची आहे, म्हणजे शिल्पकाराने ताकद दाखवायला मारामारी निवडलीच नाही. हा झाला तुमचा मुद्दा, तो पहिल्याच परिच्छेदात टाका अन् पुढचं सगळं त्याच्याच बाजूने लिहा. जे त्या मुद्द्याला लागू होत नाही ते काढा, कितीही मेहनतीने टिपलेलं असो. "भव्य", "मनमोहक" असले शब्द तर आधीच खोडा, त्यातून काहीच दिसत नाही.

इतिहास शेवटी, अन् थोडाच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिलेली, विष्णूची भक्त, मुलं लहान असताना राज्य तिनेच चालवलं. राजासारखा बसलेला विष्णू इथे का, हा प्रश्न त्यामुळे विचारता येतो, उत्तर मात्र मूर्तीतूनच शोधा.

फोटो पुजारीकाकांना विचारूनच काढा, अन् शक्य झालं तर एक बाजूने पण घ्या, समोरून तो वरचा गुडघा किती पुढे आलाय ते कळत नाही.