पावसाळ्यानंतरची दुर्बीण: कधी पुसावी, कधी दुरुस्तीला द्यावी, कधी बदलावी

अनंत चतुर्दशी उलटून हवा कोरडी होऊ लागली, की पक्षीनिरीक्षकांना भिगवण, नांदूर मधमेश्वर आणि ठाणे खाडीचे वेध लागतात आणि चार महिने कपाटात पडून असलेली दुर्बीण बाहेर निघते. माझी पहिली दुर्बीण मी नेमकी अशाच एका सकाळी गमावली. कोकणातून परतल्यावर ती चामड्याच्या केसमध्ये घालून, वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी मोठ्या काळजीने कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. सप्टेंबरात काढली तेव्हा केसला कुबट वास येत होता आणि पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला, कडेपासून मध्याकडे सरकत गेलेले, पिंजलेल्या कापसासारखे तंतू पसरले होते. दुर्बीण वापराने झिजते त्यापेक्षा अशी बंद राहून अधिक खराब होते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून या लेखात तपासणीला पहिले स्थान दिले आहे.

तपासणीसाठी एक छोटी टॉर्च, अंधारी खोली आणि दहा मिनिटे पुरतात. दुर्बीण उलटी धरावी, डोळ्याकडच्या भिंगातून टॉर्चचा प्रकाश आत सोडावा आणि मोठ्या भिंगाकडून किंचित तिरके पाहावे. थेट समोरून पाहिल्यास जे दिसत नाही ते तिरक्या प्रकाशात उजळून निघते. सुटे, टोकदार ठिपके म्हणजे धूळ. आतल्या धुळीचे चार-सहा कण प्रत्येक दुर्बिणीत असतात आणि प्रतिमेवर त्यांचा परिणाम होत नाही, तेव्हा त्यांच्यापायी दुर्बीण उघडायला देऊ नये. फांद्या फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा पसरलेला दुधी पडदा दिसला, तर ती बहुधा उष्णतेने वंगणातून उडून काचेवर बसलेली वाफ असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवणाऱ्यांच्या वाट्याला हा दोष हमखास येतो. भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी वलये किंवा नखाएवढे चमकदार डाग दिसले, तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटू लागला आहे असे समजावे.

या सर्वांत बुरशीच्या बाबतीत घाई करावी लागते. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती वाढू लागते, आणि आपल्याकडे किनारपट्टीवर व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता याहून क्वचितच खाली येते. बुरशी सोडत असलेले आम्ल भिंगावरचा, परावर्तन कमी करणारा पातळ लेप आणि पुढे काचही खाते. सुरुवातीचे तंतू कारागीर पुसून काढू शकतो, पण काचेवर एकदा नक्षी कोरली गेली की बुरशी मेली तरी तिचा ठसा राहतो. त्यामुळे तंतू कडेलाच असतील तेव्हा, म्हणजे त्याच आठवड्यात, दुर्बीण दुरुस्तीला द्यावी. पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहू नये. उन्हात ठेवून बुरशी मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो करायचाच असेल तर समोर बसून, थोडा वेळ करावा, कारण उन्हाकडे तोंड करून ठेवलेली दुर्बीण सूर्यकिरण एकवटते आणि तिच्यामुळे आग लागू शकते.

दुसरी तपासणी दोन्ही नळ्या एकाच दिशेने पाहतात की नाही याची. ही बहुतेक जण करीतच नाहीत, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. दुर्बीण हातातून पडली किंवा एसटीच्या रॅकवरून आदळली, तर आतला लोलक (प्रिझम) केसभर सरकतो आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात. मेंदू ती ओढूनताणून एक करतो, म्हणून आपल्याला दोष दिसत नाही. फक्त अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते आणि आपण उन्हाला दोष देतो. तपासण्यासाठी दुर्बीण तिपाईवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पक्की टेकवावी आणि दूरची एखादी आडवी रेषा, म्हणजे विजेची तार किंवा इमारतीची वरची कड, स्पष्ट करून घ्यावी. मग डोळे हळूहळू मागे, सुमारे १० सेंटिमीटर न्यावेत. आता दोन वेगळी वर्तुळे दिसतील. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर असेल तर दुर्बीण सरळ आहे; एकात ती वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर दुर्बिणीची अलाइनमेंट गेली आहे. डावे-उजवे थोडे अंतर डोळे सांभाळून घेतात, वर-खाली फरक मात्र त्यांना जवळजवळ सांभाळता येत नाही. असा दोष आढळल्यावर ती दुर्बीण दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि लहान मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नये.

तिसरी तपासणी आतल्या दमटपणाची. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर भिंगावर बाहेरून दव जमते. ते काही मिनिटांत उडते आणि त्यात काही बिघडलेले नसते. पुसूनही धुके राहिले, म्हणजे ते आत आहे. चांगल्या जलरोधक दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून रबरी कड्यांनी तोंडे बंद केलेली असतात. आत धुके धरले याचा अर्थ कडी निकामी झाली, वायू निघून गेला आणि बुरशीला दार उघडे झाले. जलरोधक नसलेली जुनी दुर्बीण असेल, तर हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवल्यावर ती बहुधा कोरडी होते. जलरोधक म्हणून विकलेली दुर्बीण मात्र कड्या बदलून, पुन्हा वायू भरून घेतल्याशिवाय पावसात नेऊ नये.

चौथी गोष्ट दुर्बिणीची नसून आपली आहे. चित्र अंधुक दिसू लागले, दोन डोळ्यांतला फरक जुळवणारे उजव्या डोळ्याकडचे कडे दर काही महिन्यांनी थोडे अधिक फिरवावे लागू लागले, तर दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुर्बीण एखाद्या तरुण सोबत्याच्या हातात द्यावी. त्याला चित्र लख्ख दिसत असेल, तर चष्म्याचा नंबर बदलला असण्याची किंवा मोतीबिंदू धरत असल्याची शक्यता अधिक. नवी, महाग दुर्बीण घेऊनही समाधान न झालेले आणि पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जुनीच दुर्बीण पुन्हा आवडू लागलेले ज्येष्ठ स्नेही माझ्या पाहण्यात आहेत.

आता स्वच्छतेविषयी, कारण बरेचसे ओरखडे पुसण्यानेच पडतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते भिंगावरच्या लेपाहून कठीण असतात. शर्टाच्या टोकाने किंवा ओढणीने भिंग पुसणे म्हणजे त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवणे आहे. आधी रबरी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रशने कण झटकावेत, आणि त्यानंतरच, बोटाचा डाग राहिला असेल तर, मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाला भिंगे पुसायच्या द्रवाचा एक थेंब लावून मध्यापासून कडेकडे गोल फिरवीत पुसावे. द्रव थेट काचेवर टाकू नये, तो कडेने आत झिरपतो. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने बाहेरचे अंग, बिजागरी आणि फोकसचे चाक पुसून मीठ काढावे. एवढे करून, भिंगे वर्षातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त पुसावी लागत असतील, तर टोपण लावण्याची सवय कमी पडते आहे.

साठवणीला चामड्याची केस नको. चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. जेलच्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते, म्हणून नारिंगी दाणे घ्यावेत, आणि रंग पालटला की ते तापवून पुन्हा कोरडे करावेत. त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नये. डांबराच्या गोळ्या डब्यात अजिबात टाकू नयेत, त्यांची वाफ भिंगांवर जमते. आणि पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा दुर्बीण काढून, चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, खिडकीतून दहा मिनिटे पाहावे.

दुरुस्ती की बदल, हे ठरवताना आधी दुर्बिणीची जात पाहावी. डोळ्याकडची भिंगे जवळ आणि पुढची भिंगे दूर, अशा रुंद खांद्यांच्या दुर्बिणीत पोरो लोलक असतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना कारागीराच्या हातात सहज बसते. ती उघडता येते, स्वच्छ करता येते, आणि लोलक किंवा पुढची भिंगे हलवून पुन्हा सरळ करता येते. त्यामुळे काच न खाल्ली गेलेली जुनी पोरो दुर्बीण दुरुस्त करण्याच्या बाजूने मी नेहमीच कौल देईन. सरळ नळ्यांच्या, रूफ लोलकाच्या दुर्बिणी फार अचूक जुळणीच्या असतात. त्या कंपनीच्या सेवाकेंद्रातच द्याव्यात. त्यातली स्वस्त दुर्बीण असेल आणि खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर ती बदललेली बरी. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन तर कोणतीच उघडू नये.

रबर चिकट झाले, रंग उडाला, डोळ्याकडच्या वाट्या फाटल्या, पट्टा तुटला, एवढ्यासाठी दुर्बीण बदलू नये. बदलण्याची खरी कारणे तीन: मध्यभागापर्यंत काच कोरली गेलेली असणे, सुटे भाग मिळत नसताना फोकस घसरत राहणे, किंवा काच मुळातच जुन्या काळातली असणे. हे तिसरे घरी ओळखता येते. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब भिंगात पाहावे. ते पांढरे दिसले तर काचेवर लेप नाही, हिरवट किंवा जांभळट आणि मंद दिसले तर लेप आहे. लेप नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. भरदुपारी हे जाणवत नाही. सांजवेळी झाडीत बसलेला रातवा शोधताना जाणवते.

नवी घेताना ८×४२ (आठपट वर्धन आणि ४२ मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग) ही मापे बहुतेकांना पुरतात, कारण ४२ ला ८ ने भागून येणारी ५.२५ मिलिमीटरची प्रकाशझोताची रुंदी पहाटेच्या उजेडातही डोळ्याच्या बाहुलीला पुरेशी असते. दहापट वर्धनाचा मोह हात स्थिर असेल तरच करावा. दुकानदाराला विनंती करून दुर्बीण दाराबाहेर न्यावी, समोरच्या रस्त्यावरची दूरची तार निवडावी आणि वर सांगितलेली दोन वर्तुळांची तपासणी तिथेच उभ्याने, पैसे देण्याआधी, करून घ्यावी.