सोलो मागायला जाताय? या चुका टाळा

आमच्या हौशी गायनवृंदात तीसेक माणसं आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेत शिकवणाऱ्या ताई, दोन डॉक्टर, आणि ऑफिस आटोपून धापा टाकत तालमीला येणारी तरुण मंडळी. दिवाळी पहाटेच्या आधी दोन-तीन गाण्यांतल्या सोलो ओळींसाठी ऑडिशन होते. मी पेटीवर असतो. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतोच, पण त्याआधी घशात अडकलेला श्वासही ऐकू येतो. इतक्या वर्षांत ज्यांची सोलो हुकली, त्यातल्या बहुतेकांचा आवाज चांगलाच होता.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक पट्टीची, म्हणजे पेटीवरची जी काळी किंवा पांढरी पट्टी आपण सा धरतो तिची. घरी आपण आपल्या सोयीच्या पट्टीत गातो. साधारणपणे पुरुष काळी १ ते काळी २ मध्ये गातात, बायका काळी ४-५ मध्ये. काळी १ आणि काळी ४ यांच्यात पंचमाचं अंतर आहे. मिश्र वृंदाला गाणं एकाच पट्टीत बसवायचं, म्हणून मधली वाट काढावी लागते, समजा पांढरी ४. पुरुषांना ती चढी पडते, बायकांना उतरती. आता महिनाभर काळी १ मध्ये घोटलेली ओळ तुम्हाला चार पट्ट्या वर म्हणायची आहे. मुखडा निभावून जातो, कारण मुखडे बहुधा मध्य सप्तकात फिरतात. अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, निघाला की मान वर होते, भुवया वर होतात आणि आवाज मात्र तिथपर्यंत जात नाही. काही जण ऐन वेळी खोटा आवाज लावतात. तो लगेच कळतो.

म्हणून तालमीतच विचारून घ्या, हे गाणं कोणत्या पट्टीत आहे? मोबाइलवरच्या तानपुऱ्याला तीच पट्टी लावा आणि सराव मुखड्यापासून न करता अंतऱ्यातल्या सगळ्यात उंच स्वरापासून करा. तो स्वर आठवडाभरातही मोकळा लागत नसेल, तर ऑडिशनआधीच सांगून टाका. दुसऱ्या गाण्यातली ओळ मिळू शकते. बायकांनी खालचा स्वर तपासावा. त्यांची अडचण बऱ्याचदा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात असते, तिथे नुसती हवा येते.

दुसरी चूक ट्रॅकवर, म्हणजे गाण्याच्या ध्वनिमुद्रित साथीवर, सराव करण्याची. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही हे खरं, पण तो दर वेळी अगदी सारखाच वाजतो. मग बासरीचा अमुक तुकडा संपला की आपण सुरू करायचं, अशी सवय लागते. आमच्याकडे बासरी नाही. पेटी, तबला आणि टाळ एवढंच असतं. तुकडा वाजलाच नाही की माणूस माझ्याकडे बघत उभा राहतो आणि ओळ निघून जाते. ओळीचा उठाव, म्हणजे ती कुठे सुरू होते ते, मात्रांवर पाठ करा. केरव्याच्या ८ मात्रा हातावर मोजा आणि आपली ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होते की समेच्या आधी-नंतर, हे शोधा. रूपकात जास्त सावध राहा. ७ मात्रांच्या या तालात सम ‘खाली’च्या मात्रेवरच असते, म्हणजे जिथे भरदार ठोका नसतो तिथे. तबल्याचा भरदार ठोका म्हणजे सम, असं धरून चालणारे तिथे हमखास घसरतात.

तिसरी चूक चांगल्या गायकांची. माईक हातात आला की ते मैफल सुरू करतात. मूळ गायकाच्या सगळ्या हरकती, वर आपल्या दोन, आणि शेवटच्या स्वरावर लांबलचक मुक्काम. तोवर कोरसची जागा येऊन गेलेली असते. पोवाड्यातला शाहीर आठवून बघा. तो कितीही तापलेला असो, कडव्याचा शेवट असा टाकतो की झीलकऱ्यांना, म्हणजे मागे साथ गाणाऱ्यांना, तो बिनचूक उचलता यावा. वृंदातल्या सोलोचं कामही तेच आहे. ओळीचा शेवटचा शब्द सरळ आणि वेळेत सोडा. एखादी मुरकी घ्यायचीच असेल तर ओळीच्या मधे घ्या. आमच्या संचालक ताई ऑडिशनला कोरसमधली चार माणसं मुद्दाम बसवतात. सोलोनंतर त्या चौघांनी ओळ एकदम उचलली की ती अडखळली, हे ताई ऐकतात. गाणाऱ्याला वाटत असतं की ताई आपल्याकडे बघत नाहीत.

उच्चारांचं थोडक्यात सांगतो. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतला च वेगळा, ‘जीवन’ आणि ‘जाई’ यांतला ज वेगळा. तीस जणांच्या आवाजात हे खपतं, एकट्याच्या आवाजात उघडं पडतं. ‘ळ’ तर विचारूच नका.

घशाचे उपाय प्रत्येकाचे आपापले असतात. पण आदल्या रात्री जागून पन्नास वेळा गायलात, तर सकाळी आवाज बसणारच. त्याला ज्येष्ठमध तरी काय करणार?

गाताना चूक झालीच तर? सुरुवातीचा सूरच चुकला, तर थांबून सा मागा. त्यात कमीपणा नाही, आणि चुकलेल्या सुरात ओळ रेटण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शब्द विसरलात तर मात्र थांबू नका. ‘ला ला’ करत चाल पुढे न्या आणि पुढचा शब्द पकडा. जीभ चावणं, डोळे मिटून मान हलवणं, ‘सॉरी, परत घेऊ का?’ हे सगळं टाळा. निम्म्या चुका ऐकणाऱ्याला कळतच नाहीत, आपण चेहऱ्याने सांगेपर्यंत.

आणि ओळ दुसऱ्याला मिळाली, तरी ती विसरून जाऊ नका. गेल्या दिवाळीत पहाटे साडेचारला ग्रुपवर मेसेज आला, ‘आवाज बसलाय, बोलताही येत नाहीये.’ त्या दिवशी ती ओळ ज्या काकांनी म्हटली, त्यांना ऑडिशनला नकार मिळाला होता. नंतर ते रोज सकाळी फिरताना तीच म्हणायचे, पांढरी ४ मध्ये.